अकरा सेकंदांची बस

आमच्या वाहन तपासणी केंद्रात एक रबरी शिक्का आहे : 'ब्रेक समाधानकारक'. 'ब्रेक असमाधानकारक' असा शिक्का नाही. तसा शेरा द्यायचा असेल तर तो हाताने लिहावा लागतो, त्याखाली कारण, कारणाखाली सही आणि सहीखाली पुन्हा स्वच्छ अक्षरात नाव, कारण नुसत्या सहीवर आमच्या खात्याचा विश्वास नाही. माणूस मुळात आळशी असतो हे ओळखून कुणीतरी फार दूरदृष्टीने ही व्यवस्था केली असावी. रस्त्यावरच्या निम्म्या गाड्या त्या दूरदृष्टीवर धावतात.

मी ब्रेकच्या लाईनवर आहे, गेली एकोणीस वर्षं. ड्रायव्हर मंडळी माझ्या पाठीमागे मला 'एकदाच' म्हणतात. ब्रेक खराब असला की पेडल पहिल्या दाबाला गपकन तळाशी जातं, पण लागोपाठ तीन-चारदा मारलं की शहाण्या मुलासारखं वर येऊन उभं राहतं. म्हणून तपासणीला येणारा प्रत्येक ड्रायव्हर माझी नजर चुकवून आधीच पाय मारून ठेवतो. त्यावर माझा उपाय साधा आहे. मी त्याला खाली उतरवतो, स्वतः स्टिअरिंगवर बसतो, पाच मिनिटं काहीही न करता समोर बघतो आणि मग पेडल एकदाच दाबतो. "साहेब, अजून दोनदा दाबा, लागतो मस्त," असं खालून कुणीतरी म्हणतंच. "समोर आलेलं पोर तुझ्या तिसऱ्या दाबापर्यंत थांबणार आहे का?" असं मी विचारतो.

शिवाय माझा कान. चाक थांबवणारी पट्टी, म्हणजे लायनर, झिजून तिचे रिव्हेट उघडे पडले की ते ड्रमवर घासतात आणि गाडी खर्र करते. हा आवाज मी भिंतीपलीकडून, चहा पिता पिता, दुसऱ्याशी बोलत असताना ओळखतो. त्याबद्दल मला एकदा प्रशस्तिपत्र मिळालं होतं. हे सगळं सांगायचं कारण बढाई मारणं हे नाही. पुढे जे झालं ते कुणाकडून झालं, हे नीट कळावं म्हणून सांगतो.

मला एक मुलगी आहे. नऊ वर्षांची. एका जागी बसवत नाही म्हणून तिला भिंगरी म्हणतात. ती तिच्या आईकडे असते. आमचं का फिसकटलं हे सांगण्यात अर्थ नाही, भिंगरीच्या आईने निघताना एवढंच म्हटलं होतं, "तुझं काय आहे, लोक वेग आल्यावर ब्रेक मारतात, तू गाडी सुरू व्हायच्या आधीच मारतोस." वाक्य चांगलं होतं. कागदांवर सह्या झाल्या, आणि त्या कागदांनुसार भिंगरी महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा ते संध्याकाळी पाच माझी असते. उरलेला महिना मी महिन्याचा पहिला रविवार कधी येतो ते बघतो.

पण एक सोय होती. भिंगरीच्या शाळेची बस आमच्या केंद्रावरून जाते. सकाळी सात वीसला. केंद्र उघडतं नऊला. मी सात वाजता गेटवर चहाचा ग्लास घेऊन उभा असतो आणि वॉचमनला सांगतो की घरी पाणी येत नाही. पाण्याचा आणि गेटवर उभं राहण्याचा संबंध काय हे त्याने दीड वर्षात विचारलं नाही. माणूस भला आहे.

आमच्या गेटनंतर रस्ता उताराला लागतो आणि खाली चौकात सिग्नल आहे. बाकीच्या गाड्या गेटवरून भरधाव निघून जातात. ही बस मात्र गेटपाशी आली की हळू व्हायची. अगदी हळू, एखाद्या पाहुण्याला दारापर्यंत सोडायला जावं तशी. आमच्या बाजूच्या तिसऱ्या खिडकीत भिंगरी. नजर समोर, हात वर, बोटं हलताहेत. दिसल्यापासून गेटच्या पुढे जाईपर्यंत अकरा सेकंद. मी घड्याळ लावून मोजलेत.

मला वाटायचं, ड्रायव्हरला कळलंय. बापाचं काळीज त्याला समजलंय, म्हणून बिचारा गाडी हळू घेतो. जगात चांगली माणसं आहेत, ती मुद्दाम बोलून दाखवत नाहीत, असं मी तेव्हा बऱ्याच जणांना सांगत फिरायचो. बस जाताना खर्र असा बारीक आवाज यायचा. इतका गोड आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. त्या आवाजासाठी मी सहाच्या ठोक्याला उठायचो.

हो. तोच आवाज. माझ्या प्रशस्तिपत्रातला.

सहा महिन्यांपूर्वी ही बस माझ्याकडे तपासणीला आली होती. रिकामी. ड्रायव्हर खाली उतरायला निघाला, तर मी म्हटलं, "राहा बसून. आज तूच दाब." त्याला आश्चर्य वाटलं. मी मागे गेलो आणि तिसऱ्या खिडकीपाशी बसलो. माझे गुडघे पुढच्या सीटला टेकले. काचेवर नऊ वर्षांच्या उंचीला एका नाकाचा डाग होता. खिडकीच्या रबरात पेन्सिल सोलल्याचे भुगे कोंबलेले होते, तीन रंगांचे. पुढच्या सीटच्या पाठीवर पेनने एक बस काढलेली होती, तिला चाकं सहा. मी ती सहा चाकं बघत बसलो आणि तिथूनच ओरडलो, "ब्रेक!" चाकं मशीनच्या रोलरवर होती. काटा जिथे जायला हवा तिथे गेला. ड्रायव्हरने आधी किती वेळा पाय मारून घेतले होते, हे मी पाहिलं नाही. मी शिक्का मारला. सही केली. घरी गेलो, झोप छान लागली.

मागच्या पहिल्या रविवारी दुपारी भिंगरी माझ्या खोलीवर 'बस-बस' खेळत होती. दोन खुर्च्या एकामागे एक, ताटली म्हणजे स्टिअरिंग. ती ड्रायव्हर, मी चाळीस मुलं.

"बाबा, नीट बस. चाळीस जण एवढी जागा घेत नाहीत."

"बरं."

"आता तुझं ऑफिस आलं. मोजायला लाग."

"काय मोजू?"

"अरे, ब्रेक!" तिने उजवा पाय फरशीवर आपटायला सुरुवात केली. "एक, दोन, तीन... तू का मोजत नाहीस? सगळे मोजतात. तुझ्या गेटपासून काका पाय मारायला लागतात आणि आम्ही मोजतो. किती मारल्यावर बस थांबते ते आधी सांगायचं. जो बरोबर तो जिंकला."

मी माझी खुर्ची तिच्याकडे वळवली.

"रोज?"

"रोज. शाळा सुरू झाली तेव्हा पाच होते. मग सात. आता माझ्यासारखे हुशार लोक बाराच्या खाली बोलतच नाहीत. शुक्रवारी चौदा झाले, बस चौकातल्या त्या पांढऱ्या रेघेच्या पुढे गेली. मी जिंकले." तिने दप्तरातून गणिताची वही काढून शेवटचं पान दाखवलं. तारीख आणि आकडा, तारीख आणि आकडा. इतकी स्वच्छ नोंद मी आमच्या केंद्रात पाहिलेली नाही.

"आणि तू हात वर करतेस तो?"

"बोटांवर मोजते ना. तोंडाने मोजलं की मागचा दादा घोटाळा करतो." मग काहीतरी आठवून ती म्हणाली, "तू पण दिसतोस कधी कधी. चहा पीत असतोस."

दिव्याखाली अंधार असतो हे शाळेत शिकलो होतो. एवढा असतो हे कुणी सांगितलं नव्हतं.

पाच वाजता तिची आई आली. ती जिन्यातच उभी राहते, आत येत नाही. भिंगरी बुटाचे बंद बांधत होती.

"उद्या हिला बसने पाठवू नकोस," मी म्हटलं.

"का?"

"ब्रेक गेलेत."

"बसचे की तुझे?"

"मी चेष्टा करत नाही."

"तेच तर. मागे माझ्या स्कूटरचे ब्रेक गेले होते, आठवतंय? तू दोन दिवस गाडी ठेवून घेतलीस आणि दोन्ही दिवस हिला शाळेत सोडायला स्वतः हजर. मेकॅनिक म्हणाला, बाई, ब्रेकला काय धाड भरलीय? दरवेळी लांडगा आला म्हणायचं आणि दरवेळी मी पळत सुटायचं?"

"या वेळी खरंच आलाय."

"त्या बसच्या काचेवर तपासणीचा कागद आहे. मी रोज बघते. तुझी सही आहे त्याच्यावर. तुझी सही मी ओळखते, आपण एका कागदावर शेजारी शेजारी केलीय." ती एक पायरी वर आली. "ती सही खोटी आहे का?"

माझ्यापुढे दोन रस्ते होते. 'तेव्हा ठीक होते, नंतर बिघडले' असं म्हणता आलं असतं. आमच्या खात्यात सगळे अपघात असेच होतात; तपासणीच्या दिवशी सर्व ठीक असतं.

"खोटी आहे," मी म्हटलं. "मी दाबूनच बघितलं नाही."

"तू? तू तर मेल्या माझ्या वडिलांची गाडी लग्नाच्या दिवशी तपासली होतीस!"

"हिच्या सीटवर जाऊन बसलो होतो. तिथूनच पास केली."

भिंगरीने बुटाचा बंद सोडून पुन्हा बांधायला घेतला. मोठ्या माणसांना वेळ द्यायची ही तिची पद्धत आहे.

"हिला मी सोडेन उद्या," तिची आई शेवटी म्हणाली. आवाज नेहमीपेक्षा खाली होता. "पण बाकीच्या एकोणचाळीस पोरांच्या आयांना कोण सांगणार आहे? त्यांचं तर कुणी गेटवर उभं नसतं."

ड्रायव्हरचा नंबर भिंगरीला पाठ होता. बसच्या मागे लिहिलेला असतो. 'माझं वाहन चालवणं कसं आहे?' या प्रश्नाखाली. मी लगेच फोन लावला.

"कसं आहे विचारताय होय," मी नाव सांगितल्यावर ड्रायव्हर म्हणाला, "जीव मुठीत धरून आहे, साहेब. मालकांना तीनदा सांगितलं. म्हणतात, सुट्टीत बघू. म्हणतात, खुद्द एकदाचसाहेबांनी पास केलीय, तू कोण लागून गेलास त्यांच्या वर? आता काय बोलणार मी? तुमच्या कागदापुढे माझ्या पायाला कोण विचारतो?"

"मला वाटायचं, माझ्या गेटपाशी तू..." वाक्य अर्धवट राहिलं तरी त्याला कळलं. ड्रायव्हर लोकांना अर्धवट गोष्टी लवकर कळतात.

"तुम्ही तिथे उभे असता ते माहीत आहे, साहेब. पोरगी सांगते. पण खोटं कशाला बोलू? त्या वेळी माझं सगळं ध्यान चौकात असतं. तिथून पाय मारायला नाही लागलो तर खाली गाडी उभी राहत नाही."

सोमवारी सकाळी सहाला मी बसमालकाच्या आवारात गेलो. ड्रायव्हर खाली उभा राहिला. मी स्टिअरिंगवर बसलो, पाच मिनिटं समोर बघितलं आणि पेडल एकदाच दाबलं. ते तळाशी गेलं आणि तिथेच राहिलं. माझा पाय त्याच्यावर होता, एवढाच काय तो त्याला आधार. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूने ब्रेकचं तेल ओघळून त्यावर धूळ बसली होती, जाड, कित्येक आठवड्यांची. वाकून बघणाऱ्या कुणालाही दिसली असती.

मालकांचा मॅनेजर धावत आला. "साहेब, आजचा दिवस जाऊ द्या. चाळीस पोरं स्टॉपवर उभी राहतील. त्यांनी काय करायचं?"

"उभं राहायचं. निदान ती थांबलेली असतील."

"अहो, पण तुमचाच तर कागद आहे!"

"म्हणूनच मी आलोय."

काचेवरचा कागद निघता निघेना. आमच्या खात्याचा गोंद आमच्या कामापेक्षा पक्का आहे. ब्लेडने खरवडून काढला. सहीचा तुकडा तेवढा काचेवर राहिला, तो नखाने काढला. मग हाताने लिहायला बसलो. 'ब्रेक असमाधानकारक.' असमाधानकारक हा काही चार अक्षरी शब्द नाही, वेळ लागतो. कारण. सही. सहीखाली नाव.

"यावर शिक्का?" मॅनेजरने विचारलं.

"याला शिक्का नसतो."

त्या दिवशी सात वीसला मी गेटवर होतो. बस येणार नाही हे माझ्याइतकं जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी होतो. वॉचमन म्हणाला, "आजही पाणी नाही?" मी म्हटलं, "आज तर अजिबातच नाही."

शाळेने पालकांना कळवलं की एका अधिकाऱ्याच्या तांत्रिक हरकतीमुळे बस काही दिवस बंद राहील, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. पालक माझ्यावर भडकले. भिंगरीला तिची आई दुसऱ्या रस्त्याने सोडायला लागली. तो त्यांना जवळचा पडतो. आमच्या मोठ्या साहेबांनी मला आत बोलावलं आणि माझा लेखी खुलासा दोन बोटांत धरून, मेलेला उंदीर धरावा तसा, माझ्यासमोर हलवला.

"हे काय लिहिलंय? 'तपासणीच्या वेळी मी तिसऱ्या खिडकीपाशी बसलो होतो.' हा खुलासा आहे?"

"खरं आहे ते."

"खरं असू द्या हो, पण खुलासा आहे का? 'मशीनच्या काट्यात बिघाड' असं लिहा. काटा काही तक्रार करायला येत नाही."

"काटा बरोबर होता, साहेब."

त्यांनी चष्मा काढून पुसला. त्यांनाही मुलं आहेत. दोघं परदेशात, फोन रविवारी. "एकोणीस वर्षांत एक चूक केलीत," ते म्हणाले, "आणि तीसुद्धा कबूल करताय. तुमचं या खात्यात कठीण आहे." मग त्यांनी कडक ताकीद दिली. लेखी. तिच्यावर मात्र शिक्का होता.

दहाव्या दिवशी बस परत तपासणीला आली. नवे लायनर, चाकांमधली गळती बंद, तेल बदललेलं. या वेळी मी रिकामी घेतली नाही. चाळीस सीटवर वाळूची चाळीस पोती ठेवायला लावली. हमाल म्हणाले, असलं काम कधी ऐकलं नाही. एक पोतं मी स्वतः उचलून तिसऱ्या खिडकीपाशी ठेवलं. काच कुणीतरी धुतली होती. नाकाचा डाग गेला होता. पुढच्या सीटवरची सहा चाकांची बस तेवढी होती.

मग केंद्रासमोरच्या उतारावर घेतली. एकदाच दाबलं. बस जिथल्या तिथे उभी राहिली, पोती एकदम पुढे सरकली, आणि मला हसू आलं की रडू, ते ड्रायव्हरने बघायच्या आत मी खाली उतरून चाकं बघायला लागलो.

मी शिक्का मारला. ड्रायव्हर कागद हातात घेऊन घुटमळला.

"साहेब, एक विचारू?"

"विचार."

"आता गेटपाशी पाय मारायची गरज नाही. खाली चौकात एकदा दाबलं की काम होतंय. पण..." तो कागदाकडे बघत राहिला. "म्हणजे तुम्ही म्हणत असाल, तर तिथे जरा हळू घेत जाईन. माझ्या बापाचं काय जातंय? पोरगी पण बघेल."

दीड वर्ष मी ज्या माणसाच्या चांगुलपणाची लोकांत जाहिरात केली, तो माणूस आता खरोखरच माझ्यासमोर उभा होता. फक्त 'हो' म्हणायचं होतं. अकरा सेकंद. शनिवार-रविवार सोडून.

"नको," मी म्हटलं. "उतारावर उगाच हळू घेतलीस तर मागची गाडी येऊन धडकेल. आणि विनाकारण ब्रेक मारला की लायनर झिजतो."

"ते आहेच," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सात वीसला, भिंगरीला पुन्हा घेऊन, बस आली आणि गेली. खर्र नाही, काही नाही. इतर गाड्यांसारखी एक गाडी. तिसरी खिडकी कुठली हे कळायच्या आत मागचा नंबर दिसला. चार सेकंद. खाली चौकात ब्रेकचे लाल दिवे एकदाच लागले आणि बस पांढऱ्या रेघेच्या अलीकडे, हातभर अंतर ठेवून, थांबली. काम उत्तम झालं होतं. मी केलेलं सर्वांत चांगलं काम, आणि मी ते गेटवरून, पाठमोरं बघत होतो.

त्यानंतर मी गेटवरून वर चालत जाऊन कोपऱ्यावर उभा राहायला लागलो. तिथून बस येताना थोडी आधी दिसते. चारचे साडेपाच होतात.

काल कोपऱ्यावर उभा होतो. बस आली. तिसऱ्या खिडकीत हात होता. वर केलेला, बोटं पसरलेली. मोजायला आता काही नाही, एकाच दाबात बस थांबते, तो खेळ पोरांनी सोडलाय असं ड्रायव्हर सांगतो. मग हात कशाला होता? मीही ग्लास धरलेला हात वर केला. चहा बाहीत गेला. तोवर बस गेटच्या पुढे गेली होती.

पहिला रविवार अजून बारा दिवसांवर आहे. तेव्हा तिला विचारीन म्हणतो. किंवा नाही विचारणार. मागचा दादा काचेतून काही दाखवत असेल, तीही त्याला काही दाखवत असेल. तपासून बघण्याची सवय एकोणीस वर्षांची आहे, पण ही एक गोष्ट तशीच रस्त्यावर धावू द्यावी असं वाटतं.

आज सकाळी वॉचमनने विचारलं, "साहेब, पाणी आलं का घरी?"

"थेंब थेंब येतंय," मी म्हटलं, आणि कोपऱ्याकडे चालायला लागलो.